‘आणि पार्टी’

आंबेडकरी जलशांविषयी आणि भीमगीतांविषयी आजवर जे लेखन झाले, त्याचा रोख प्रामुख्याने दोन व्यक्तींवर राहिला आहे : गीत लिहिणारा कवी आणि ते गाणारा गायक. भीमराव कर्डकांचे ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक १९७८ साली आले. वामनदादा कर्डकांवर (१९२२–२००४) पुढे प्रबंध झाले, विशेषांक निघाले. हे व्हायलाच हवे होते. प्रस्थापित समीक्षेने ज्यांना कवी म्हणून पंगतीला बसू दिले नाही, त्यांची दखल आपण घ्यायची नाही तर कोणी? परंतु ही दखल घेताना आपणही एक पंगतच मांडली, आणि तिच्यात काही माणसांना पाट मांडायचे राहून गेले.

ही माणसे कोण? जुन्या तबकड्यांच्या लेबलावर, कॅसेटच्या वेष्टनावर, जयंतीच्या पत्रकावर गायकाच्या नावापुढे दोन शब्द छापलेले असत : ‘आणि पार्टी’. शाहीर साबळे आणि पार्टी. अमुक कव्वाल आणि पार्टी. या दोन शब्दांत ढोलकवाला असतो, बेंजोवाला असतो, पेटीवाला असतो, आणि मागच्या रांगेत टाळ्या देत टेक धरणारे चार-पाच कोरसवाले असतात. मी त्या मागच्या रांगेतला. १९८२ ते १९८६ ही माझी कोरसची वर्षे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, त्याच साली मी पहिल्यांदा मंचावर बसलो. पुढे मास्तरकी मिळाली आणि गाणे सुटले. त्यामुळे मी हे बाहेरून लिहीत नाही. पण आठवणी सांगत बसण्याचाही हेतू नाही. साथ करणाऱ्या माणसाचे काम नेमके काय असते, तो पोट कसे भरतो आणि हात थकल्यावर त्याच्याजवळ काय उरते, एवढेच कार्यकर्त्यांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवायचे आहे.

प्रथम कामाविषयी. ‘झील धरणे’ हा शब्दप्रयोग तमाशातला आणि शाहिरीतला. शाहीर ओळीच्या शेवटाला येतो, तेथून झीलकरी ती ओळ उचलतात, वरच्या सुरात लांबवतात आणि शाहिराला दम घ्यायला जागा करून देतात. लाऊडस्पीकर नव्हता त्या काळी शेवटच्या माणसापर्यंत शब्द जाई तो झीलकऱ्यांच्या गळ्यावर बसून. आमच्या झाडीपट्टीत दंडारीची आणि खडी गंमतीची रीतही हीच. ढोलकी, चोनके, तुणतुणे आणि मागे झील. १९३०च्या पुढे नाशिककडे जे आंबेडकरी जलसे उभे राहिले, त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. गणातली देवस्तुती गेली, गवळण गेली, सोंगाड्याच्या तोंडी अस्पृश्यतेवरचे सवाल आले. झील मात्र तशीच राहिली. कारण तिच्यावाचून गाणे उभे राहत नव्हते.

विदर्भात पुढे भीमगीतांना कव्वालीचे रूप मिळाले आणि ‘दुय्यम सामना’ हा प्रकार गावोगाव रुजला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन मंच समोरासमोर, दोन पार्ट्या. बहुधा एक पुरुष कव्वाल आणि एक स्त्री कव्वाल. रात्री दहाला सुरुवात, उजाडेपर्यंत सवाल-जवाब. एका पार्टीने बुद्धचरित्रातला किंवा बाबासाहेबांच्या चळवळीतला प्रश्न गाऊन टाकायचा, दुसरीने त्याचे उत्तर गाऊन द्यायचे. प्रश्न येतो तेव्हा कव्वालाला उत्तर तयार असतेच असे नाही. अशा वेळी कोरसचे खरे काम सुरू होते. टेक धरून ठेवायची, फिरवायची, टाळी दुप्पट करायची, एखाद्याने मधेच वर चढून आलाप सोडायचा. समोरच्या जनसमुदायाला वाटते, रंग चढला. खरे तर कव्वाल डोळे मिटून शब्द जुळवत असतो आणि त्याला वेळ मिळवून देण्याचे काम आम्ही करीत असतो. ढोलकवाल्याचे लक्ष त्याच्या ओठांकडे. ओठ हलले की ढोलक खाली उतरते, कोरस थबकतो आणि जवाब सुटतो. टाळ्या पडतात त्या जवाबाला. त्या पडाव्यातच, पण त्या जवाबाच्या अलीकडच्या दोन मिनिटांत सहा माणसांनी काय केले, ते मात्र कोणत्याही पुस्तकात नाही.

दुसरी एक गोष्ट पट्टीची. गायक रात्री दहाला काळी चारमध्ये गात असेल तर पहाटे तीनला त्याचा गळा ते झेपवू शकत नाही. पेटीवाला गाण्यागाण्यामधून त्याला हळूच काळी दोनवर आणतो, श्रोत्यांना कळू न देता. बेंजोवाल्याने त्याच क्षणी तारा उतरवायच्या. कोरसवाल्यांचा गळा कोणत्या पट्टीचा आहे, हे कोणी विचारीत नाही. माझा गळा खालचा. पाच वर्षे मी दुसऱ्याच्या पट्टीत ओरडून गायलो, आणि वर्गात शिकवताना आवाज फाटतो तो तेव्हापासून. माझ्याबरोबरच्या एकाचा गळा तर तिशीतच बसला. तो पुढे मंजिरे वाजवू लागला.

येथे वाद्य आणि जात या प्रश्नाला हात घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूर आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने बाबासाहेब चांद्याला आले आणि आमच्या आईबापांनी त्या मैदानावर दीक्षा घेतली. दीक्षेनंतर वस्तीवस्तीतून मेलेली ढोरे ओढणे बंद झाले, तसे दुसऱ्याच्या लग्नात आणि देवाच्या मिरवणुकीत डफडे वाजवणेही बंद झाले. डफडे खाली ठेवणे ही आमच्या बापाच्या पिढीच्या दृष्टीने विद्रोहाची कृती होती. त्यात पोटाला चिमटा बसला, तो त्यांनी सोसला. पण बोटांतला ठेका काही दीक्षेने जात नाही. तो ढोलकात आला, तबल्यात आला. ज्या घरातला बाप वाजंत्री सोडून मजुरीला गेला, त्याच घरातला मुलगा दहा वर्षांनी जयंतीच्या मंचावर ढोलक घेऊन बसलेला मी पाहिला आहे. बापाला ते प्रथम आवडले नव्हते. “पुन्हा वाजवालेच गेला का?” असे तो म्हणाला होता. या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. दाराबाहेर उभे राहून वाजवणे आणि मंचावर बसून वाजवणे यांत अंतर आहे, हे खरे. पण वाजवणाऱ्याचे नाव दोन्हीकडे नसेल, तर ते अंतर किती, हे मोजून पाहावे लागेल. मातंग समाजातल्या आणि इतर वादक जातींतल्या बांधवांनी हे वाद्य सोडले नाही. त्यांच्या वादनाकडे आपण बौद्धांनी कधी कधी वरून पाहिले, हीही गोष्ट येथे नोंदवली पाहिजे.

आता झाडीपट्टीच्या नाटकाकडे वळतो, कारण साथीदार म्हणून धंदा करायचा तर आमच्या भागात खरा बाजार तोच. वैनगंगेच्या खोऱ्यात, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत, धान घरात आले की नाटकांचा हंगाम उभा राहतो. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्ताने गावोगावची मंडळे नाटक ठरवतात आणि होळीच्या आसपास हंगाम आटोपतो. या धंद्याची पेठ म्हणजे वडसा, सरकारी नाव देसाईगंज. गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे गाव. तेथे नाट्यमंडळांची कार्यालये आहेत, तेथेच तारखा ठरतात, तेथेच विसार दिला जातो.

झाडीपट्टीच्या मंडपात रंगमंचाच्या पुढे, प्रेक्षकांच्या आणि पडद्याच्या मधे, जमीन खोल करून वादकांची बैठक केलेली असते. आम्ही तिला खड्डाच म्हणतो. ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड एवढे त्यात बसते. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवरून पायपेटी हटली त्यानंतरही आमच्याकडे ऑर्गन टिकला. खड्ड्यात बसलेल्या माणसाला रंगमंचावरचे पाय दिसतात, चेहरे मान वर करून पाहावे लागतात. थंडीच्या दिवसांत खाली ओल येते. गोणपाट अंथरून त्यावर सतरंजी टाकतात. आणि या खड्ड्यातून सबंध नाटक चालते, असे मी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. झाडीपट्टीचे कलावंत वेगवेगळ्या मंडळांतून येतात. आज या गावी, उद्या त्या गावी, आज हे नाटक, उद्या दुसरे. तालमीला वेळ कोठला? नायक-नायिका कधी कधी संध्याकाळी मेकअप करतानाच पहिल्यांदा भेटतात. शब्दांसाठी प्रॉम्प्टर आहे. पण प्रवेश कोठे रेंगाळतो आहे, गाणे कोणत्या वाक्यावर घ्यायचे, नटी विसरली तर कोणता सूर पकडून तिला परत ओळीवर आणायचे, हे ऑर्गनवाल्याच्या बोटांत असते. खलनायकाची थप्पड तबल्यावर पडते. विजेचा कडकडाट, छातीची धडधड, मोटारीचा अपघात हे सर्व पूर्वी तबलावालाच काढीत असे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ साली ऑक्टोपॅड आणला. तो आमच्या खेड्यांत यायला काही वर्षे लागली, पण आला आणि तबल्याच्या शेजारी कायमचा बसला. त्याने एका माणसाचे काम वाढवले आणि दोन माणसांचे काढून घेतले.

हंगामाचे गणित विचारात घ्या. भरात असलेला ऑर्गनवाला चार महिन्यांत जवळजवळ रोज रात्र करतो. दिवसा मोटारीत झोप, रात्री खड्डा. त्याला ‘नाईट’ मिळते, म्हणजे रात्रीचा ठरीव पैसा. गावाने तिकिटाचे किती जमवले याच्याशी त्याचा संबंध नसतो. जुन्या दंडारीत आणि जलशांत वाटा असे. मिळालेल्या बिदागीचे हिस्से पडत, मुख्य शाहिराला दोन, ढोलकीला दीड, झीलकऱ्याला एक किंवा अर्धा. नाईट आली आणि वाटा गेला. कोणती पद्धत बरी? कार्यकर्ते घाईने म्हणतील, वाट्याची. मला तसे म्हणवत नाही. वाट्यात नुकसानही वाटून घ्यावे लागे. गाव बुडाले की झीलकरी उपाशी घरी जाई. नाईटवाल्याला निदान पावसाने मंडप उडाला तरी भांडायला तोंड असते. परंतु हेही खरे की नाईट घेतली की नाटकावरचा, गाण्यावरचा हक्क संपला, अशी समजूत दोन्ही बाजूंनी पक्की झाली आहे. तिच्याविषयी पुढे लिहितो.

हंगाम संपला की काय? मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायचे, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणा. ज्याच्याजवळ बांधी आहे तो आपल्या बांधीत, नाही तो दुसऱ्याच्या. चिखलात दोन महिने रोवणा केल्यावर तबल्यावर बसणाऱ्या हाताची बोटे जाड होतात, ती पुन्हा मऊ व्हायला दसरा उजाडतो. नागपूर आकाशवाणी १९४८ सालची. तेथे साथीदाराचीही श्रवणपरीक्षा होते, श्रेणी मिळते, आणि श्रेणी म्हणजे कागद. आमच्यातले थोडे गेले, बहुतेक गेले नाहीत. परीक्षेला राग-तालाची नावे सांगावी लागतात. आमच्या ठेक्यांना नावे नव्हती, ते ‘तो अमुक गाण्याचा ठेका’ म्हणून ओळखले जात.

या पोटापाण्यावर एकामागून एक घाव बसले. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या, शंकरपट गेले आणि पटाच्या रात्रीचे नाटकही बऱ्याच गावी गेले. शर्यतींना पुन्हा मोकळीक मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधे ८ नोव्हेंबर २०१६ची नोटबंदी, ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. त्यानंतर २०२०ची टाळेबंदी. अशा वेळी गायकाकडे थोडीफार शिल्लक असते, मंडळाच्या मालकाकडे सामान असते. खड्ड्यातला माणूस ऑर्गन विकतो. २०२३ साली कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, त्या दिवशी सबंध झाडीपट्टीला आपल्याच घरी काही आल्यासारखे वाटले. मलाही वाटले. त्यांच्या हजारो प्रयोगांत समोरच्या खड्ड्यात कोण कोण बसले होते, ही यादी कोणी करील का, असा विचार मात्र तेव्हापासून मनातून जात नाही.

एक गोष्ट आडवळणाची, पण सांगतो. खड्ड्यात जात विचारत नाहीत, हे मी अभिमानाने सांगत आलो आहे. धीवर, गोंड, तेली, कुणबी, बौद्ध, मातंग असे सर्व एका सतरंजीवर बसतात. सूर जुळला की बाकी कोणाला काय पडले आहे. पण कलावंतांची जेवणाची सोय गावात घरोघर वाटून करतात आणि त्या वाटणीच्या वेळी “तबलेवाले कोणाकडले?” हा प्रश्न मी एकदा नव्हे, पुष्कळदा ऐकला आहे. नटाला तो कमी विचारला जाई. त्याचे नाव पत्रकावर असे आणि त्याचा चेहरा लोकांच्या ओळखीचा असे.

आता थोडे दूर जाऊ. साथीदाराचे नाव गिळले जाणे ही केवळ आपल्याकडची रीत आहे, असा गैरसमज नको. सत्तरच्या दशकात लंडन ही पॉप संगीताची मोठी पेठ होती आणि तेथील स्टुडिओंत साथ करणाऱ्यांचा एक सबंध वर्ग तीन-तीन तासांच्या सत्रांवर जगत होता. १९७२ साली लू रीड या अमेरिकन गायकाने तेथे एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्यातली जी सुरावट जगाच्या कानांत बसली ती हर्बी फ्लॉवर्स नावाच्या साथीदाराने दोन प्रकारच्या बेस वाद्यांवर वाजवलेली आहे. दोन वाद्ये का? तर दुसऱ्या वाद्याचे जादा मानधन मिळते म्हणून, असे तो पुढे हसत सांगत असे. गाणे जगभर विकले गेले. त्याला मिळाले ते त्या सत्राचे ठरीव पैसे. आपल्या ऑक्टोपॅडवाल्याला हा माणूस लगेच कळेल. त्याच गाण्यात काळ्या मुली गात आहेत, असे गायक म्हणतो आणि मागे कोरस उठतो. तो कोरस गाणाऱ्या तिघी प्रत्यक्षात गोऱ्या होत्या. ज्यांची नावे छापली जात नाहीत, त्यांच्या जागी कोणालाही उभे करता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. मॅडेलिन बेल, डोरिस ट्रॉय अशा अमेरिकेतून आलेल्या काळ्या गायिका त्या काळी लंडनमध्ये खरोखरच पुष्कळांच्या मागे उभ्या राहून गात होत्या.

आणखी एक प्रकरण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाने जानेवारी १९७३मध्ये क्लेअर टोरी नावाच्या तरुणीला एका रविवारी बोलावले. शब्द दिले नाहीत, चाल दिली नाही; संगीत सुरू केले आणि तू मनाने गा, असे सांगितले. तिने दोन-तीन वेळा गायले, तीस पौंड घेतले आणि घरी गेली. त्या तबकडीचा खप कोट्यवधींच्या घरात गेला. रचनाकार म्हणून नाव वाद्यवृंदातल्या पियानोवादकाचे एकट्याचे. २००४ साली, एकतीस वर्षांनी, तिने दावा केला : मी गायले ते गाणे नव्हते, ती रचना होती. २००५मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या गीताच्या रचनेत तिचे नाव छापले जाते. उत्तर सुचेपर्यंत टेक फिरवणारा आमचा कोरसवाला मधेच जो आलाप सोडतो, त्याला काय म्हणायचे, हा प्रश्न मला या प्रकरणाने दिला. इंग्लंडच्या वादकांना तेथल्या संघटनेचे बळ होते. १९९६ साली तेथील कायद्याने मागे वाजवणाऱ्यालाही प्रक्षेपणातल्या मोबदल्याचा वाटा दिला, आणि २०१३च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या मुद्रणांच्या मिळकतीतून वीस टक्के अशा साथीदारांसाठी बाजूला काढण्याचे बंधन कंपन्यांवर घातले.

आपल्याकडे? मुंबईच्या सिनेमात गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले. त्यांतल्या अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे नाव देशाला ठाऊक झाले ते १९७७च्या एका सिनेमातल्या गमतीच्या गाण्यामुळे, आणि तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल संगीतकार होते म्हणून. कायद्याचे पाहू. १९५७चा कॉपीराइट कायदा कवीला आणि संगीतकाराला हक्क देतो. सादर करणाऱ्या कलावंताला त्यात १९९४च्या दुरुस्तीपर्यंत काहीच नव्हते. म्हणजे ऐंशीच्या दशकात ज्या कॅसेटींचा पूर आला, त्या मुद्रणांच्या वेळी ढोलकवाला तर सोडाच, गायकालाही गायक म्हणून हक्क नव्हता. १९९४ने सांगितले की कलावंताच्या संमतीवाचून त्याचे सादरीकरण मुद्रित करता येणार नाही. १९९९मध्ये या हक्काची मुदत पन्नास वर्षे झाली. २०१२च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातल्या रॉयल्टीचा आणि आपले नाव लागण्याचा हक्क दिला. कायद्यातल्या व्याख्येत गायक आणि वादक दोघेही आहेत, गारुडीसुद्धा आहे.

पण त्याच २०१२च्या दुरुस्तीत एक फट आहे आणि ती आपल्या माणसांना नेमकी लागू पडते. चित्रपटात ज्याचे सादरीकरण जाता-जाता घडलेले, किरकोळ स्वरूपाचे आहे आणि नेहमीच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत दिलेले नाही, त्याला, आपल्या सादरीकरणाची मोडतोड रोखण्याच्या नैतिक हक्कापुरते सोडून, कलावंत मानू नये, असे तेथे म्हटले आहे. आता कायद्याच्या भाषेत दृश्यमुद्रण म्हणजे चित्रपटच. दुय्यम सामन्याचे, झाडीपट्टीच्या नाटकाचे मोबाइलवर चित्रण करून यूट्यूबवर टाकणाऱ्या वाहिन्या आज तालुक्यातालुक्यात आहेत. त्या चित्रणाखाली लिहिलेले असते : अमुक कव्वाल आणि पार्टी. ढोलक किरकोळ आहे, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु नाव लिहिलेले नाही, ही अर्धी बाब तर आपण आपल्याच हाताने पूर्ण करून ठेवतो. गायकांनी २०१३मध्ये रॉयल्टीसाठी आपली संस्था काढली. कोरसवाल्यांची कोठे आहे?

हे सर्व मी वाचू लागलो त्याला कारण घडले. दोन वर्षांपूर्वी आमच्याच पार्टीतले ढोलकवाले दादा माझ्याकडे आले. त्यांचा अर्ज अद्याप कमिटीपुढे आहे, म्हणून येथे त्यांचे नाव देत नाही. या लेखात ती गोष्ट शोभत नाही, हे मला कळते. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. पूर्वी तीन श्रेण्यांत वेगवेगळी रक्कम होती. २०२४पासून सरसकट दरमहा पाच हजार झाली. वय पन्नासच्या वर हवे, उत्पन्न मर्यादेत हवे आणि कलेच्या क्षेत्रात पंधरा वर्षे काम केल्याचा पुरावा हवा. वय होते, उत्पन्नाचा तर प्रश्नच नव्हता. वाजवले होते चाळीस वर्षे. पुराव्यासाठी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले कागद माझ्यापुढे मांडले. नाटकांची दहा-बारा पत्रके. त्यांत खालच्या ओळीत तबल्यापुढे नुसते पाळण्यातले नाव, आडनाव नाही. जयंतीची पत्रके, ‘आणि पार्टी’. आणि एक स्मरणिका.

स्मरणिका १९९१ची, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षातली, आमच्या तालुक्याच्या समितीने काढलेली. संपादक मी. तिच्यात सोळा ऑक्टोबरच्या आमच्या सामन्याचा वृत्तांत आहे. तो मीच लिहिला होता आणि मूळ कागदावर सातही साथीदारांची पूर्ण नावे लिहिली होती. छापखान्यातून निरोप आला की पानावर तीन ओळी जास्त होत आहेत. एका पुढाऱ्याच्या संदेशाला कात्री लावणे शक्य नव्हते, जाहिरातदाराच्या चौकटीला तर नाहीच. मी नावांच्या ओळी काढल्या आणि तेथे दोन शब्द घातले. कोणते, ते सांगायला नको.

दादांना वाचता बेताचेच येते. त्यांनी ते पान उघडून बोट ठेवले आणि विचारले, “गुर्जी, माजा नाव कोटी आहे यात? तुमीच लिवला होता ना?”

मी सांगितले, यात आहात, पण नाव नाही. ते काही बोलले नाहीत. स्मरणिका परत पिशवीत ठेवली आणि चहा घेतला.

त्यानंतर आम्ही प्रतिज्ञापत्र करायचे ठरवले : सदर वृत्तांताचा लेखक व संपादक या नात्याने मी लिहून देतो की त्या रात्री ढोलकावर हे होते. त्यांचे एकट्याचे लिहून चालले असते. पण ते म्हणाले, लिहिता तर सगळ्यांचे लिहा. दोघांनी बसून आठवायला सुरुवात केली. पेटीवाला वारला, त्याचे पूर्ण नाव त्याच्या मुलाकडून मिळाले. कोरसमधले दोघे बल्लारपूरला कागद कारखान्यात मजुरीला गेले होते, त्यांचीही नावे लागली. मंजिरेवाला लागला. माझे तर होतेच. सहावे नाव उजवीकडच्या कोरसवाल्याचे, ते दादांनी सांगितले, मला चेहराही आठवत नव्हता. बेंजोवाला राहिला. त्याला सर्व जण मास्टर म्हणत. तो सिंदेवाहीच्या बाजूचा होता, डाव्या हाताने वाजवीत असे, आणि पहाटेच्या गाण्याआधी बोटांना खोबरेल लावीत असे. त्याचे नाव दोघांनाही आठवेना. दादा म्हणाले, रोवणा आटोपला की सिंदेवाहीकडे जाऊन येऊ. प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात ती जागा मी कोरी ठेवली आहे.